पालेभाजी सारखी ठेवा

माझ्या छातीत टिकटिक वाजते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नवीन माणूस शेजारी येऊन बसलं की थोड्या वेळात त्याची नजर भिंतीवर फिरायला लागते. घड्याळ शोधतात बिचारे. मग मी म्हणते, "वर नका बघू, इथं आहे," आणि पदराकडे बोट दाखवते. काही जण हसतात, काहींचा चहा घशात अडकतो.

लहानपणी मला म्हणे सांधे धरणारा ताप आला होता. त्या तापाने जाता जाता हृदयाची एक झडप खराब करून ठेवली, आणि ते उघडकीला आलं पन्नाशी जवळ आल्यावर. शाळेचा जिना चढताना मी मध्येच कठडा धरून उभी राहायला लागले. मुलांना वाटायचं, बाई लक्ष ठेवतायत. ऑपरेशन झालं आणि जुन्या झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसली. ती उघडझाप करताना वाजते. मी शाळेत मराठी शिकवते. परीक्षेच्या वेळी वर्गात शांतता पसरली की पहिल्या बाकापर्यंत माझी टिकटिक जाते. कॉपी करणाऱ्यांना त्याचा फार त्रास होतो असं ऐकून आहे.

अशा झडपेची एक अट असते. रक्त पातळ ठेवावं लागतं. नाहीतर झडपेवर रक्ताची गुठळी धरते, झडप अडकते, आणि अडकली की खेळ आटोपला. म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ करणारी गोळी, जन्मभर. आणि अधूनमधून रक्त तपासून ते किती पातळ आहे याचा आकडा बघायचा. आकडा फार खाली आला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्त वाहायची भीती. मधल्या बोळातून अंग चोरून चालायचं.

दवाखान्यातून घरी सोडताना एक तरुण डॉक्टर आले. चेहऱ्यावरून दोन दिवस झोपले नसावेत. बाहेर माणसांची रांग होती, तरी बिचारे खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "गोळी चुकवायची नाही. अंगदुखीची गोळीसुद्धा मनाने घ्यायची नाही. आणि पालेभाजी सारखी ठेवा हं."

"ठेवतो की," माझा नवरा म्हणाला.

"ठेवीन मी," माझी सासू म्हणाली.

मीही मान हलवली. झालं. एवढाच प्रसंग. त्यात कुणाचं काही चुकलं असं आजही मला म्हणवत नाही. 'सारखा मोबाईल काय बघतोस', 'सारखी काय गं कुरकुर तुझी', 'सारखं येणंजाणं ठेवा हो', असं आपण दिवसभर बोलतो. सारखी म्हणजे पुन्हा पुन्हा, सतत. आम्हा तिघांना तेच ऐकू आलं. मराठी शिकवून डोक्यावरचे केस पिकले माझे, पण त्या क्षणी त्या शब्दाला दुसरा अर्थ आहे हे माझ्या मनातही आलं नाही. कसं येणार? पालेभाजी खा, रक्त वाढतं, हे आपल्याला दात यायच्या आधीपासून सांगितलेलं असतं. पालेभाजी जपून खा असं सांगणारा माणूस मला तोवर भेटलाच नव्हता.

सासूला मी आत्या म्हणते. दिंडोरीकडच्या त्या. शेती दिराकडे असते. आत्या माझ्या ऑपरेशनसाठी म्हणून इंदिरानगरला आमच्या फ्लॅटवर आल्या आणि मग राहिल्याच. आल्या तेव्हा त्यांना माझ्या टिकटिकीची भीती वाटायची. माझ्याजवळ बसताना जरा लांब बसायच्या, हात लावला तर ते यंत्र बंद पडेल अशा बेताने. मग हळूहळू सवय झाली, आणि सवयीची माया झाली. दुपारी माझ्याशेजारी भाजी निवडत बसायच्या, मध्येच हात थांबवून कान द्यायच्या, आणि स्वतःशीच म्हणायच्या, "वाजतंय गं बाई, वाजतंय." मग पुन्हा निवडायला सुरुवात.

डॉक्टरांचं वाक्य आत्यांनी पदरात बांधून घेतलं होतं. सकाळी रिक्षा करून पंचवटीतल्या भाजीबाजारात जायच्या. इंदिरानगरात दारात भाजीची गाडी येते, पण ती त्यांना पसंत नव्हती. "तिची मेथी काल मेलेली असती," म्हणायच्या. पिशवीतून काय काय निघायचं! मेथी, शेपू, चाकवत, करडई, आंबट चुका, तांदुळजा. थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला. दिराच्या शेतावरून कुणी येणार असलं की बांधावरची घोळ आणि माठ. सकाळी पातळ भाजी, संध्याकाळी परतून, मध्ये मुटके, पराठे, कोथिंबिरीच्या वड्या. शेजारणीने शेवग्याच्या पाल्याची पूड करून आणून दिली. "ताकात चमचाभर घालायची, ताई. एकदम नैसर्गिक. फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही." किती प्रेमाने दिली होती तिने. बरणीला वर फडकं बांधून.

मला पालेभाजी मुळात आवडत नाही. शेपूचा तर वाससुद्धा नको. एकदा ताट पुढे आलं आणि माझं डोकंच फिरलं. "मी काय शेळी आहे का हो आत्या? एक दिवस बटाटा कराल तर तुमचं काय जाईल?"

आत्या शांतपणे म्हणाल्या, "सारखी खायची सांगितलीय. खाय."

"अगं, खा ना," नवराही म्हणाला. बोलायला त्याचं काय जातं? कोपऱ्यावरच्या टपरीवर वडापाव खाऊन येत होता, शर्टावर चटणीचा डाग होता. पण आत्यांच्या तोंडाकडे बघितलं की माझा राग विरघळायचा. बाजारातून येऊन पाय चोळत बसलेली म्हातारी बाई, बोटं मेथीने हिरवी झालेली. माझ्या आईने केलं नसतं इतकं करत होत्या त्या. मी गपचूप खायचे.

रक्ताचा आकडा खाली यायला लागला. डॉक्टरांनी गोळी वाढवली. विचारलं, "गोळी चुकतेय का?"

मला अपमान वाटला. हजेरी चुकेल माझी, गोळी चुकणार नाही. "दुसरं काही औषध? काढा वगैरे?" नाही म्हटलं. नव्हतंच घेत. मेथीला औषध कोण म्हणतं? गोळीच्या पाकिटात बारीक अक्षरात सूचना तरी असतात. मेथीच्या जुडीवर कोण काय छापणार? आकडा थोडा वर आला, मग थंडी पडली, बाजार पाल्याने भरून गेला, आणि आमच्या घरात तर काय, सुगीच होती.

त्या दुपारी मी दिवाणावर वह्या तपासत बसले होते. सकाळपासून दम लागत होता. मला वाटलं सर्दी छातीत उतरली असेल. आत्या खाली चादरीवर मेथी निवडत होत्या. नेहमीसारखा त्यांचा हात थांबला. मी वाट बघत होते की आता म्हणतील, वाजतंय गं बाई. काही बोलल्या नाहीत.

"पंखा बंद कर," त्या म्हणाल्या.

"आधीच बंद आहे. थंडी आहे."

"मग शेजारचा टीव्ही वाजतोय का?"

"नाही हो. काय झालं?"

त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, पण अशा काही घाईने उठल्या की मांडीवरची मेथी सगळ्या घरभर सांडली. येऊन माझ्या छातीला कान लावला. त्यांच्या डोक्यावरचा पदर माझ्या तोंडावर आला. तेलाचा आणि मेथीचा वास.

"दबलंय," त्या म्हणाल्या. "वाजतंय, पर गोधडीखालून वाजल्यावानी."

"अहो, तुम्हाला कमी ऐकू येत असेल. सर्दी झालीय मला."

"मला कमी ऐकू येतं?" त्या ओरडल्या. आत्या माझ्यावर कधी ओरडत नाहीत. "रोज ऐकते मी. तुझ्यापेक्षा जास्त मी ऐकते. ऊठ. चप्पल घाल."

काळजाचा ठोका चुकला असं आपण उगाच म्हणतो. मला त्या दिवशी खरंच कळेना, माझा चुकतोय की काय. मी श्वास धरून ऐकलं. आवाज होता, पण जाडसर, ओला. आत्यांनी लेकाला फोन लावला, रिक्षा थांबवली, आणि रिक्षावाल्याला असं काही दामटवलं की त्याने सगळ्या रस्त्याने हॉर्नवरून हात काढला नाही.

झडपेवर गुठळी धरली होती. पूर्ण अडकलेली नव्हती, अडकत चालली होती. मोठे डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. गुठळी विरघळवायचं औषध शिरेतून सोडलं. त्यातही जोखीम असते, ती गुठळी तुटून मेंदूत गेली तर गेली, सही करून द्या. नवऱ्याने सही केली. त्याची सही मी इतक्या वर्षांत पाहिलेली आहे; ती त्याची वाटत नव्हती. मी पडल्या पडल्या फक्त ऐकत होते. यंत्रांचे आवाज सोडून माझा आवाज शोधत होते. देवाचं नाव घेतलं नाही, खोटं कशाला सांगू. येऊ दे, येऊ दे, एवढंच चाललं होतं माझं. आणि तो आला. हळूहळू, दाराबाहेर कुणी नखाने टकटक करावं तसा, मग स्पष्ट. मी हुंदके देऊन रडले. नर्स घाबरली, कुठं दुखतंय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर तपासायला आले, मागे तो तरुण डॉक्टर होता. आकडा एवढा खाली का आला हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "जेवणात काय असतं?"

माझा नवरा जरा छाती काढूनच बोलला. "जेवण अगदी तुमच्या सांगण्याप्रमाणे, साहेब. पालेभाजी सारखी चालू आहे."

"सारखी म्हणजे?"

"म्हणजे सारखी! सकाळ-संध्याकाळ. खंड नाही."

मोठ्या डॉक्टरांनी वळून तरुण डॉक्टरांकडे पाहिलं. तो मुलगा पांढरा पडला होता. "मी म्हटलं होतं सारखी," तो म्हणाला. "म्हणजे... एकसारखी. रोज तेवढीच."

माझी टिकटिक तेवढी चालू होती. आणि मला, काय सांगू, हसू आलं. हसताना छाती दुखत होती, तरी आवरेना. आयुष्यभर मुलांना 'एका शब्दाचे दोन अर्थ लिहा' म्हणून वह्या भरायला लावल्या, आणि मीच नापास. नापासाचा निकाल जिवानिशी लागणार होता.

त्यांनी मग नीट समजावून सांगितलं. हिरव्या पानात एक जीवनसत्त्व असतं, 'के' नावाचं. आपल्याला कापलं, खरचटलं की रक्त थांबतं ते त्याच्यामुळे. माझी गोळी नेमकी त्याच्याच आड येते. भाजी रोज ठराविक असली की गोळीचा हिशेब तिच्याशी जमवता येतो. भाजी वाढली की गोळी हरते, भाजी बंद केली की गोळी शिरजोर होते. मेथीत विष नाही, गोळीतही नाही. चांगल्या माणसाला जे चांगलं तेच मलाही चांगलं, फक्त मापात.

"मी 'तेवढीच' म्हणायला हवं होतं," तरुण डॉक्टर जाताना म्हणाला. माझ्या शाळेतून पास होऊन गेलेल्या मुलांच्या वयाचा होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "बाळा, तू मराठीच बोललास. आणि आम्हीही मराठीच ऐकलं."

आम्ही नवरा-बायकोने ठरवलं, आत्यांना यातलं काही सांगायचं नाही. त्यांच्या हाताने झालं हे त्यांना कळलं तर त्या खचतील. पण माझ्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी घरी आले त्या संध्याकाळीच त्याने सांगून टाकलं. तेही हळुवारपणे, 'आई, तुझी काही चूक नाही बरं का' असं म्हणत. असं म्हटलं की माणसाला काय कळायचं ते कळतंच.

आत्या उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशीपासून घरातून हिरवा रंग गेला. बटाटा, वांगी, मटकीची उसळ, शेवभाजी. आमटीवर कोथिंबिरीचं पान नाही. शेवग्याची बरणी घासून पालथी घातलेली. पंचवटीला जाणं बंद. दुपारी माझ्याजवळ बसणंही बंद. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मी त्यांना सांगायला गेले की बंद करायची नाहीये, थोडी हवी, तर त्या म्हणायच्या, "बरं," आणि पुन्हा बटाटा.

खरं सांगते, पहिले काही दिवस मला बरं वाटलं. बटाट्याची कापं, काय सुख! मग एका सकाळी दात घासताना बेसिन लाल झालं. हिरड्यांतून रक्त थांबेना. दाराची कडी दंडाला लागली होती, तिथं वांग्याएवढा निळा डाग उठला. रक्त तपासलं तर आकडा भलताच वर. तरुण डॉक्टर फोनवर म्हणाला, "आज गोळी घेऊ नका. पालेभाजी बंद केलीत का?" मी 'हो' म्हटलं. "बाई, मी 'तेवढीच' म्हटलं होतं," तो मुलगा काकुळतीला येऊन म्हणाला.

मी फोन ठेवला आणि दारातल्या गाडीवरून मेथीची जुडी घेतली. काल मेलेली का असेना. आतल्या खोलीत जाऊन आत्यांच्या पुढ्यात ठेवली.

"निवडा."

त्या सरकून भिंतीला टेकल्या. जुडीला हात लावला नाही. "मी नाय. तू कर तुझ्या हातानं."

"मला माप येत नाही. एक दिवस जास्त पडेल, एक दिवस कमी."

"वाटीनं घे."

"वाटीत दाबून भरली की जास्त, सैल भरली की कमी. तुमची मूठ बघितलीय मी. भाकरीला पीठ घेता, एक भाकरी दुसरीहून इवलीशी लहान-मोठी नसते. मला तुमची मूठ पाहिजे."

"ह्या हातानं मी तुला मारीत व्हते गं," आत्या म्हणाल्या. तोंडात पदराचा बोळा कोंबला त्यांनी. "लेकीवानी तू. आन मी रोज, सकाळ-संध्याकाळ..."

मला राग आला. मला राग आला की आवाज चढतो, आणि त्याबरोबर टिकटिकही जोरात धावते. "मारणाऱ्या बाईला ऐकू येतं का हो? नवऱ्याला नाही आलं, मला स्वतःला नाही आलं. तुम्हाला आलं. मेथी टाकून धावलात तुम्ही. तुम्ही रोज कान दिला नसता तर आज भिंतीवर हार घातलेला फोटो असता माझा, आणि तुम्ही बसला असता इथंच, अशाच रडत. आता बंद केलीत तर रक्त वाहून मरेन मी. बघा हा दंड. बघा! मला मरायचं नाही, आत्या. मला अजून जगायचंय. निवडा."

मी रडत होते. त्याही रडत होत्या. खूप वेळाने त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या दंडावरच्या निळ्या डागावर बोटं फिरवली. मग डोळे पुसले, जुडी ओढून घेतली, सुतळी सोडली. एक पान नाकाशी धरलं.

"कालची हाय ही," त्या म्हणाल्या.

निवडून झाल्यावर त्यांनी एक मूठ भरली. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती मूठ तेवढी कढईत गेली, उरलेली मेथी नवऱ्याला. तेव्हापासून तसंच चाललंय. कुठलीही भाजी असो, रोज आत्यांची एक मूठ. आकडा जागेवर आहे. कधी थोडा हलतो, मग डॉक्टर गोळी जुळवून देतात. तो तरुण डॉक्टर आता प्रत्येक पेशंटला सांगताना मूठ वळून दाखवतो असं नवऱ्याने पाहिलंय. शेजारीण मध्ये आवळ्याचं काहीतरी घेऊन आली होती. आत्यांनी तिला बसवलं, चहा दिला, आणि प्रेमाने म्हणाल्या, "बाई, डागदरला इचारून मग देते हिला."

गेल्या आठवड्यात आत्या गावाला गेल्या, पुतण्याचं लग्न होतं. जाताना माझ्यासाठी रोजच्या भाजीच्या मुठी बांधून फ्रीजमध्ये ठेवून गेल्या. दुपारी फोन आला. मागे वाजंत्री चालू होती.

"भाजी खाल्ली का?"

"खाल्ली."

"फोन छातीला धर."

"अहो, तिथं बँड वाजतोय. काय ऐकू येणार तुम्हाला?"

"धर म्हणते ना. थांब, मी घराच्या मागं जाते."

मी धरला. वाजंत्री लांब लांब जात गेली. कुठेतरी कोंबडी ओरडली. मी श्वास रोखून बसले होते. मग त्यांचा आवाज आला.

"वाजतंय गं बाई. सारखं वाजतंय."

मास्तरीण ना मी. राहवलं नाही. म्हटलं, "कुठलं सारखं, आत्या?"

"दोन्ही," त्या म्हणाल्या.